आधी सोमवारची सकाळ, मग सिलॅबस

मागच्या अंकात मी जाताजाता लिहिलं होतं की आरोग्याचा कोर्स शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावं, आपला विद्यार्थी नोकरीच्या पहिल्या सोमवारी सकाळी नक्की काय करणार आहे. तेवढ्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार इथे घेतेय. नाव छापू नका असं तिघांनी सांगितलंय म्हणून चौथ्याचंही छापत नाही.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी मुलुंडच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. पुढच्या जूनपासून आमच्याकडे हेल्थ प्रमोशनचा, म्हणजे लोकांचं आरोग्य राखायच्या-वाढवायच्या कामाचा, एक वर्षाचा पीजी डिप्लोमा सुरू होतोय आणि कोऑर्डिनेटर म्हणून माळ माझ्या गळ्यात पडलीय. मी चार-पाच ठिकाणचे सिलॅबस उतरवून घेतले, एकत्र केले, युनिटं पाडली. मीटिंगला बाहेरून आलेल्या एक्स्पर्ट बाईंनी पानं उलटली आणि म्हणाल्या, हे विषयांचं गाठोडं झालंय, यात प्रोफेशनल कॉम्पिटन्सी कुठायत? मी मान डोलावली पण वेगळं काय करायचं ते कळलंच नाही. प्रत्येक युनिटच्या डोक्यावर एकेक कॉम्पिटन्सी लिहून टाकली तर चालेल का?

उत्तर : चालेल की. कागदावर चालेल, मंजूरही होईल. मी स्वतः एकेकाळी हेच केलंय म्हणून सांगते, नंतर त्याची लाज वाटते.

आमच्या बॅचला एक मुलगा होता, हुशार, थिअरीत पहिला. ओटावा चार्टर, म्हणजे हेल्थ प्रमोशनचा मूळ आंतरराष्ट्रीय जाहीरनामा, कधीचा विचारलं की झोपेतून उठून १९८६ म्हणायचा आणि त्यातली पाच कामं क्रमाने घडाघडा, आरोग्याला पूरक सार्वजनिक धोरण, पूरक वातावरण, लोकांची एकत्र कृती, व्यक्तीची कौशल्यं, आरोग्यसेवेची दिशा बदलणं. पूर्व उपनगरातल्या एका संस्थेत लागला. पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं, इथल्या शाळेतली पोरं तंबाखूचा मावा खातात, तीन महिन्यांत काहीतरी कर. संध्याकाळी त्याचा फोन, मॅडम, सुरुवात कुठून करू? बरं, कायदा त्याला पाठ होता. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नाही, म्हणजे साधारण नव्वद मीटर, आणि राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी, हे सगळं त्याने पेपरात लिहून मार्क घेतलेले. पण शाळेच्या गेटसमोरच्या टपरीवाल्याशी बोलायचं कसं, ज्याचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत सातवीत आहे, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणणार आमच्या गेटच्या बाहेरचं आम्ही काय करणार, पोलीस म्हणणार तक्रार लेखी द्या, आणि वस्तीतलं मंडळ म्हणणार गरिबाच्या पोटावर पाय का आणता. या तिघांना एका खोलीत बसवायचं म्हणजे काय करायचं? तो मुलगा नापास झालेला नव्हता हो, आम्ही नापास झालो होतो.

तर कॉम्पिटन्सी म्हणजे हे. ज्ञान, हातातलं कसब आणि वृत्ती तिन्ही एकत्र येऊन प्रत्यक्ष कामात दिसणं. दिसणं हा शब्द महत्त्वाचा, कारण जे दिसत नाही ते तपासता येत नाही आणि जे तपासलं जात नाही ते आपल्याकडची मुलं शिकत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे काही कालपरवा निघालेलं फॅड नाही. २००८ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात जगभरातली या क्षेत्रातली माणसं जमली आणि हेल्थ प्रमोशनचं काम करणाऱ्याला काय काय यायला हवं याची आठ क्षेत्रं ठरवली. मग युरोपात कॉम्प-एचपी नावाचा प्रोजेक्ट झाला, त्याची चौकट २०११ ला आली. त्यात नऊ आहेत : बदल घडायला हातभार, आरोग्याची बाजू लावून धरणं, भागीदारी जुळवून मध्यस्थी, संवाद, नेतृत्व, गरजांची पाहणी, नियोजन, अंमलबजावणी, आणि मूल्यमापन व संशोधन. या नवांच्या खाली पाया म्हणून दोन गोष्टी, नैतिक मूल्यं आणि विषयाचं ज्ञान. पहिली तीन नीट बघा, ती सरळ ओटावातूनच आलीत, तिथेही सक्षम करा, मध्यस्थी करा, बाजू मांडा हेच तीन रस्ते सांगितलेत. म्हणजे आपण ज्या चार्टरवर वीस मार्कांचा प्रश्न काढतो त्याच चार्टरने कोर्स कसा बांधायचा ते सांगून ठेवलंय, आपण मात्र त्याची व्याख्या विचारत बसलो.

आता करायचं कसं. तुम्ही सिलॅबसकडून सुरुवात केलीत, उलटीकडून करा. दहा-बारा जण गाठा जे तुमच्या मुलांना उद्या कामावर ठेवतील किंवा ज्यांच्याशी मुलांची रोज गाठ पडेल, महापालिकेच्या वॉर्डातले आरोग्य अधिकारी, हेल्थ पोस्टच्या, म्हणजे वस्तीतल्या पालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्राच्या, एएनएम नर्स, वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचे प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, एखाद्या कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर, शाळेच्या काउन्सेलर. त्यांना "आमच्या विद्यार्थ्यात कोणते गुण हवेत" असं विचारू नका, सगळे म्हणतील मेहनती आणि प्रामाणिक हवा, आणि तुम्ही तेच लिहून आणाल. विचारा की मागच्या आठवड्यात तुमच्या माणसाने सोमवार ते शनिवार काय केलं, कुठे अडकला, कुणावर तुम्ही वैतागलात. चहा प्या आणि लिहून घ्या. मग हे सगळं त्या नऊ क्षेत्रांशेजारी मांडा. जिथे आपल्याकडचं काम आहे पण यादीत त्याला जागा सापडत नाही ते नवीन घाला, आणि यादीत आहे पण आपल्याकडे कुणीच करत नाही तिथे थांबून विचार करा, कारण कदाचित ते करायला हवंय म्हणूनच कुणी करत नाहीये. बाजू लावून धरणं याचं आपल्याकडे बहुतेक असंच आहे, प्रोजेक्टच्या टार्गेटमध्ये ते बसत नाही.

त्या चौकटीत संवादाखाली संस्कृतीचं भान ठेवून बोला अशा अर्थाचं एक कलम आहे. मुंबईत त्या एका कलमाचा अर्थ काय होतो बघा. एकाच गल्लीत मराठी, दख्खनी, भोजपुरी, तेलुगू. बायका कामावरून आठला येतात आणि पाणी पहाटे चारला, म्हणजे तुमची अकरा वाजताची जागृती मीटिंग कुणासाठी? हात धुण्याचं पोस्टर लावायला गेलेल्या आमच्या मुलींना एका बाईने विचारलं होतं, पोरी, धुवायला पाणी तू आणणारेस का? माझ्या मते हेल्थ एज्युकेशन आणि हेल्थ प्रमोशन यातला फरक त्या बाईने एका वाक्यात सांगितला, पोस्टर हे पहिलं आणि नळासाठी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणं हे दुसरं. तेव्हा यादी परदेशी म्हणून टाकू नका आणि जशीच्या तशी गिळूही नका.

मग परीक्षा ठरवा. हो, लेक्चरच्या आधी परीक्षा. जॉर्ज मिलर या वैद्यकीय शिक्षणातल्या माणसाने १९९० मध्ये एक पिरॅमिड मांडला, सगळ्यात खाली माहीत असणं, वर कसं करायचं ते माहीत असणं, त्याच्या वर करून दाखवणं आणि टोकाला रोजच्या कामात खरंच करणं. आपला तीन तासांचा पेपर खालच्या दोन पायऱ्यांवर रेंगाळतो. वरच्या दोनसाठी वेगळं काहीतरी लागतं आणि ते फार खर्चिक नाही. कॉलेजच्या एकांकिकेची मुलं पकडा, त्यांना टपरीवाला, मुख्याध्यापक, नगरसेवकाचा माणूस करा, तुमच्या विद्यार्थ्याला वीस मिनिटं मीटिंग चालवू द्या आणि तुम्ही मागे बसून ठरलेल्या मुद्द्यांवर मार्क द्या. ही एकांकिकेची मुलं फार नालायक असतात, बरं का, खऱ्या टपरीवाल्यापेक्षा जास्त अडवतात, त्यामुळे तयारी छान होते.

वाक्यं लिहिताना एक पथ्य पाळा. "माहिती होईल", "समजेल", "जाणीव निर्माण होईल" ही तीन क्रियापदं कॉम्प्युटरवरून उडवून टाका. "विद्यार्थ्याला लोकसहभागाचं महत्त्व समजेल" हे वाक्य तपासणार कसं? त्याऐवजी, "विद्यार्थी वस्तीतल्या तीन वेगळ्या गटांशी बोलून त्यांच्या न जुळणाऱ्या मागण्या लिहून काढेल, एक बैठक घेईल आणि किमान एका मुद्द्यावर काय ठरलं ते सगळ्यांच्या सहीने आणेल." हे झालं की नाही ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि हे यायला काय काय शिकवावं लागेल ते आता मागे मागे जात शोधा, तुमची ती उतरवलेली युनिटं इथे कामाला येतील, फुकट गेलेली नाहीत. एकच कॉम्पिटन्सी वर्षभरात तीनदा भेटली पाहिजे, आधी वर्गात, मग नाटकात, मग फील्डवर. एका युनिटमध्ये उरकली आणि पुढे गेलो असं करू नका.

तासांचं म्हणाल तर नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क, म्हणजे शिकण्याचे तास क्रेडिटमध्ये मोजायची सरकारी चौकट, तिच्या हिशोबात वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, तीस तासांना एक, आणि यात फील्डवर्क, प्रोजेक्ट, परीक्षा सगळं धरतात. म्हणजे फील्डवर्कला जागा नाही हे कारण उरलेलं नाही. मी तर चाळीसपैकी चौदा-पंधरा क्रेडिट फील्डला देईन, अभ्यासमंडळात आरडाओरडा होईल तो होऊ दे.

एकच भीती. हे सगळं करताना कॉम्पिटन्सीचे साठ-साठ चौकोन पाडून टिकमार्कची वही करू नका. मी पाहिलंय, शेवटच्या दिवशी फील्ड सुपरव्हायझर चहा पिता पिता साठ सह्या करतो, मुलगी समोर उभी, दोघांनाही माहीत असतं. दहा-बारा मोठी कामं ठेवा आणि प्रत्येकाला पुरावा मागा, बैठकीची नोंद, अर्जाची पोच, बदललेला आराखडा आणि का बदलला त्याचं पान. फसलेलं काम नीट लिहून आणलं तर त्यालाही मार्क द्या, नाहीतर मुलं खोट्या यशोगाथा लिहायला शिकतात, ती पण एक कॉम्पिटन्सीच म्हणा, पण आपण शिकवायची नाही.

प्रश्न : मी दादरला राहतो, चौतीस वर्षं शिकवून रिटायर झालो. हल्ली जो तो कॉम्पिटन्सी कॉम्पिटन्सी करतोय. युनिव्हर्सिटीचं आयटीआय करायचं ठरवलंय का? इतिहास, समाजशास्त्र, साथरोगशास्त्र हे कुणी शिकवायचं? विचार करणारा माणूस घडवायचा की मीटिंग घेणारा?

उत्तर : सर, आयटीआयला नावं ठेवू नका, तिथला फिटर निदान पास होण्याआधी फिटिंग करून दाखवतो. पण तुमचा राग अर्धा बरोबर आहे आणि त्या अर्ध्यासाठी मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

ज्ञान बाजूला टाकून कॉम्पिटन्सी होतच नाही, म्हणून तर त्या चौकटीत ज्ञान आणि मूल्यं पायात ठेवलीत. मुंबईतलंच उदाहरण घ्या. २०२२ च्या शेवटी गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात गोवराची साथ आली. गोवर थांबवायचा तर शंभरातल्या साधारण पंच्याण्णव मुलांना दोन डोस मिळालेले हवेत, तो आजारच इतका पसरणारा. हा आकडा आणि तो का, हे ज्याला कळत नाही तो गल्लीतल्या सुटलेल्या चार-पाच घरांसाठी परत परत का जायचं हे समजूच शकणार नाही, बोलायला कितीही गोड असो. पण ज्याला फक्त आकडा कळतो तो दार बंद झाल्यावर रजिस्टरमध्ये "नकार" लिहून पुढे जातो. नकार म्हणजे काय पण? मागच्या पोराला ताप आला होता आणि त्या दिवशी बाईचा रोज बुडाला म्हणून, नवरा गावी आहे म्हणून, की सरकारी माणसाचा भरवसाच नाही म्हणून?

आणि इथेच तुमचा इतिहास येतो. १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवीत प्लेग दिसला, सरकारने घरं तपासली, माणसं उचलून हॉस्पिटलात नेली, आणि त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला. पुढच्या जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने याच शहरात प्लेगची लस तयार केली, म्हणजे विज्ञान हजर होतं, विश्वास हजर नव्हता. हा इतिहास मी "प्लेगच्या साथीची माहिती लिहा" म्हणून शिकवणार नाही, मी म्हणेन, तेव्हाच्या लोकांच्या अफवा आणि आत्ताच्या तुझ्या वस्तीतल्या अफवा समोरासमोर ठेव आणि सांग त्यांच्या मागची भीती कुठे सारखी आहे, आणि त्यावरून तुझ्या पुढच्या भेटीत तू काय बदलशील. इतिहास तोच, सर, फक्त तो कामाला लावलाय.

विचार करणाऱ्या माणसाबद्दल म्हणाल तर बाजू लावून धरणं ही कॉम्पिटन्सी विचार न करणाऱ्याच्या बापाला जमणार नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, याच मुंबईतून लैंगिक आरोग्यावर मासिक चालवलं, पदराला खार लावून, कोर्टकचेऱ्या सोसून, आणि एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. तो खटला वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून झाला होता, त्यामुळे असलं सदर लिहिताना मला दर महिन्याला त्यांची आठवण येते. त्यांना कुणी कॉम्पिटन्सीचं सर्टिफिकेट दिलं नव्हतं हे तुम्ही म्हणाल, मला माहितीय. पण तशी माणसं शतकात एखादी होतात, आपल्याला दरवर्षी तीस मुलं बाहेर काढायचीत ना.

प्रश्न : ताई, मी मानखुर्दला आरोग्य सेविका आहे, चौदा वर्षं झाली. बारावीनंतर लग्न झालं, आता मुक्त विद्यापीठातून बीए केलंय. या कोर्समध्ये आमच्यासारख्यांना घेतात का? आणि जे आम्ही रोज करतो तेच परत शिकायला पैसे भरायचे का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी मुलुंडच्या मॅडमना फ्रेम करून पाठवणारे.

कोर्स खरंच कॉम्पिटन्सीवर बांधलेला असेल तर त्याला एक गोष्ट मान्य करावीच लागते, कसब कुठे मिळवलं याला महत्त्व नाही, आहे की नाही याला आहे. कामाच्या अनुभवाला क्रेडिट द्यायची वाट २०२३ च्या क्रेडिट फ्रेमवर्कने मोकळी केलीय, पण तुमचं कॉलेज ती वापरतं का हे ॲडमिशनच्या आधी विचारा आणि लेखी घ्या. तोंडी "बघू ना ताई" म्हणाले तर ते बघणार नाहीत.

तुम्ही आत्तापासून पुरावा जमवायला लागा. तुमची सर्व्हेची वही, लसीकरणाला कुठल्या घराला कितीव्यांदा गेलात, कुणी कशाने ऐकलं, टीबीच्या पेशंटची गोळी सुटली तेव्हा काय केलंत. हे तुम्ही काम म्हणून करता, कुणी तुम्हाला सांगितलं नाही की याला गरजांची पाहणी आणि नियोजन म्हणतात. जे तुम्हाला येत नसेल, म्हणजे बजेट मांडणं, आकडेवारीवरून दोन पानी रिपोर्ट लिहिणं, कॉम्प्युटरवर तक्ता करणं, तेवढंच शिका आणि तेवढ्याचेच पैसे भरा, असं मागायचा तुम्हाला हक्क आहे. उलट मी कॉलेजला म्हणेन की फील्डच्या परीक्षेला तुम्हाला परीक्षक म्हणून बसवा आणि मानधन द्या. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदवी घेऊन आलेल्या, पोराला वस्तीत बोलता येतं की नाही हे तुम्ही दोन मिनिटांत सांगाल, मला अर्धा तास लागेल.

आणि हे काही नवीन नाही. जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने काम सुरू केलं, खेड्यातल्या बायका, बहुतेक निरक्षर, त्यांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. बायका ठरावीक दिवशी केंद्रावर यायच्या, गावात जे अडलं ते सांगायच्या, त्यावर शिकायच्या, गावात जाऊन करायच्या, पुढच्या वेळी परत यायच्या. कॉम्पिटन्सी हा शब्द तिथे कुणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. तुम्ही त्यांच्याच गोतातल्या आहात, फी भरताना मान खाली घालू नका.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, बीएससी झालंय. दोन कॉलेजांचे ब्रोशर आणलेत, दोन्हीवर "कॉम्पिटन्सी बेस्ड" लिहिलंय. कसं ओळखू? आणि डॉक्टर-नर्ससारखं रजिस्ट्रेशन मिळतं का?

उत्तर : रजिस्ट्रेशनचं आधी सांगते. हेल्थ प्रमोशनवाल्याला डॉक्टर-नर्ससारखं लायसन घेऊनच काम करता येतं असं आपल्याकडे नाही. अमेरिकेत हेल्थ एज्युकेशन स्पेशालिस्टची परीक्षा असते, हेल्थ प्रमोशनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ॲक्रेडिटेशनची, म्हणजे मान्यता द्यायची, पद्धत आहे, पण मुंबईत मुलाखत घेणारा त्याबद्दल विचारेल असं धरून चालू नकोस. तो विचारेल, काय केलंयस.

ब्रोशरवर जाऊ नकोस रे, ते प्रिंटिंगवाला पण लिहून देतो. दोन्हीकडे जा आणि मागच्या वर्षीचा परीक्षेचा पेपर माग. "टीप लिहा, कोणत्याही चार" असा असेल तर नमस्कार करून बाहेर पड. मग विचार, फील्डवर्कला कोण मार्क देतं, कॉलेजचेच सर की वस्तीत ज्यांच्या हाताखाली काम करतात ते. आणि मागच्या बॅचच्या दोन मुलांचे नंबर माग, ते कुठे कामाला आहेत ते नको विचारूस, पहिल्या आठवड्यात काय करायला सांगितलं आणि जमलं का तेवढं विचार. नंबर द्यायला काचकूच करत असतील तर ८:१२ ची फास्ट पकडून तिकडे रोज लोंबकळत जाण्यात काही अर्थ नाही.